चार क्रमांकाचे नऊ सेकंद

प्रिय ठमे,

आईचा गुडघा आता बरा आहे. जिना माझ्याआधी चढते आणि वरून मलाच टोमणे मारते.

माझ्या टेबलावर गेले दोन महिने एकच प्रश्न होता. सैन्याचा उपग्रह बिघडला तर दुरुस्तीला माणसाने यानाबाहेर पडावं, की यंत्राचा हात पाठवावा? पाण्याच्या टाकीत तरंगत केलेल्या चाचण्या पडद्यावर बघायच्या, वेळ मोजायचा, मत लिहायचं. चेहरे, नावं झाकलेली. प्रत्येकाला नुसता क्रमांक. ओळखीचं माणूस निघालं तर फाईल परत करायची, हा आमचा जुना नियम.

चार क्रमांक प्रत्येक बोल्टला इतरांपेक्षा नऊ सेकंद जास्त घेत होता. आधी उलटा फिरवायचा, आटा बसल्याचं हाताला कळलं की मग सुलटा. साहेब म्हणाले, हा बोल्ट आवळतोय की त्याची समजूत काढतोय? मी हसलो, आणि हसता हसता चित्रफीत मागे नेली. सात वर्षांची तू, सायकल उलटी टाकलेली, तुझ्या हातावर माझा हात. आधी उलटं, ठमे. घाई केली की आटे जातात.

फाईल तेव्हाच परत करायला हवी होती. केली नाही. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा टाकीतल्या सरावात त्या अंतराळपोशाखाच्या हातमोज्यांनी तुझी दोन नखं गेली होती. आईने मटार सोलायचं ताट तेवढं तुझ्यापुढून उचललं. मला ते ताट दिसत राहिलं.

मी लिहिलं: माणूस वेळखाऊ, उपयोग मर्यादित. आकडे खरेच होते. पण यंत्राने वीसपैकी तीन बोल्ट वाकडे बसवले आणि चार क्रमांकाने एकही नाही, ही ओळ मी शेवटच्या परिशिष्टात ढकलली. तिथवर कोणी वाचत नाही.

आज सकाळी अहवाल मागे घेतला आणि साहेबांना कारण सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आता दुसरं कोणी पहिल्यापासून बघेल. माझं काय करायचं ते नंतर ठरेल. तुमची तुकडी मोडायला निघालेला एक अहवाल होता, हे तुझ्या कानावर येईलच. तो माझा होता. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मला भीती वाटली, ठमे, आणि मी तिच्यावर मत म्हणून सही ठोकली.

पाठवलंच तुला बाहेर, तर कोणी काही म्हणो, नऊ सेकंद घे.

तुझाच,
बाबा