पुठ्ठ्यामागचं माप

अकोला,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मनोजदादा,

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. "रागे, रडू नको, बाबांना कळेल," एवढं बोलून तू तिकडे बंगळुरूत फोन ठेवतोस आणि मी इकडे डोळे पुसून भाजीला फोडणी देते. पत्र काही तुला मध्येच तोडता यायचं नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. पानं गाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

नोकरीला जाताना तू माळ्यावर टाकून गेलास तो खोका मी काढला. इंग्रजी पुस्तक, त्याच्यावरच्या राक्षसाचं शेपूट वाळवीनं खाल्लेलं, आणि थैलीत ते रंगीबेरंगी फासे. मी दहावीत असताना तू मला हा खेळ शिकवला होतास. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की नाही ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. माझी चेटकीण अर्ध्या तासात पुलावरून पडून मेली होती. परत टाकू दे म्हणून मी हात जोडले, तर तू म्हणालास, फाशाला दयामाया नसते. आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.

खोका काढला तो हौसेनं नाही. श्रावणात बाबांना माझ्याकडे आणलं, दर तीन आठवड्यांनी सलाईन सुरू झालं, आणि दुपारभर ते खाटेवर बसून भिंतीकडे बघायला लागले. भातकुलीकडच्या खाऱ्या पाण्यावर वांगी पिकवायची आणि अमरावतीच्या बाजारात स्वतःच्या हातानं तोलून विकायची, यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. दुपार रिकामी असू शकते हेच त्यांना माहीत नव्हतं. रिकामा माणूस प्रश्न विचारतो. "कावीळ इतके दिवस राह्यते काय वं?" रोज हेच. मी लॅबमध्ये काम करते म्हणून रिपोर्ट त्यांनी माझ्याच हातात दिला होता, वाच म्हणाले होते. तू घातलेली आईची शपथ आठवून मी कॅन्सरच्या जागी कावीळ वाचलं. डॉक्टरांनाही आपण गप्प बसवलं. पण त्या एका खोट्याला रोज नवं खोटं जोडावं लागत होतं आणि माझ्याकडची संपत आली होती. बाबांनी विचारू नये म्हणून मी दसऱ्याच्या आधी खेळ मांडला. एवढंच त्याचं कारण.

खेळायला तिघं. बाबा, आई आणि वरच्या मजल्यावरचे घरमालक खुशालकाका. काका मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या लाईनवर गार्ड होते हे तुला सांगितलंच होतं. मी चार रात्री जागून काजळगड नावाचा किल्ला रचला. सात दरवाजे, प्रत्येकावर एक संकट. पहिल्या दरवाजावर दोन तोंडांचा पहारेकरी ठेवला आणि वाटलं, आता तलवारी निघतील. बाबांनी त्याला विचारलं, "कोनतं गाव तुमचं?" मी हे ठरवलंच नव्हतं. काहीतरी नाव फेकलं, तर बाबांनी त्या गावात सोयरीक काढली, आणि पाव्हणा म्हणून पहारेकऱ्यानं तिघांना पाणी पाजून आत सोडलं. आई वैदीण झाली होती. पिठलं-भाकरीची शिदोरी बांधल्याशिवाय ती एकही दरवाजा ओलांडेना. खुशालकाकांचा तिरंदाज दर दरवाजाची वेळ वहीत लिहायचा, पोचल्याची आणि सुटल्याची. बाबा झाले आसराजी मापारी. तलवार नको म्हणाले, लोखंडी दांडीचा तराजू घेतला. त्या दिवशी बाबा पोट धरून हसले आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

चूक माझ्याकडून तिसऱ्या रविवारी झाली. गोष्ट सांगणाऱ्यानं राक्षसांचे फासे आडोशामागे टाकायचे असतात, तसं पुस्तकातच आहे. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मी मधोमध उभा करत असे. त्या दिवशी लांडग्यानं आसराजीवर झेप घेतली आणि फाशावर एकोणीस पडले, म्हणजे जबर घाव. मी पुठ्ठ्यावरून पाहिलं. बाबांची बंडी खांद्यावरून घसरली होती आणि गळ्याखालचं हाड नको इतकं वर आलेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, चार पडले, हुकला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग ती सवयच लागली. बाण आला तो हुकला, विषाचा पेला सांडला, पूल आसराजीच्या मागे कोसळला. फासा काहीही सांगो, मी तेच म्हणत राहिले.

आज दुपारी सातवा दरवाजा होता. तळघरातल्या नागानं फणा काढला, मी पुठ्ठ्यामागे फासा टाकला आणि हुकला म्हणाले. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला. "पोट्टे, आठ इतवार झाले. तुह्या आईले लांडगा चावला, खुशालरावाचा पाय मोडला, अन् मले खरचटलं बी नाई. तुह्या पुठ्ठ्यामागचं माप बरोबर नाई." तुमचं नशीब जोरावर आहे, असं काहीतरी मी हसत म्हणाले. ते हसले नाहीत. "कमी तोलनारा चोर अस्ते, थे सगळ्याईले समजते. जास्त तोलनारा बी चोरच अस्ते. थो काहीतरी लपवून राह्यला अस्ते." मग शांतपणे एकेक काढायला लागले. आई तंबाखूच्या खर्र्यावरून भांडत नाही. खुशालराव पत्त्यात मुद्दाम हरतो. मनोज पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा, तो आता रोज करतो. "घरात सगळेच मले जास्त तोलून देऊन राह्यले. काहून?"

बाबांनीच पुठ्ठा उचलून आडवा ठेवला आणि म्हणाले, "आता टाक." मी ताटात फासा टाकला. वीस पडले. राक्षसाचे वीस म्हणजे काय, हे एव्हाना तिघांनाही पाठ झालं होतं. आसराजी पडला. पडलेल्याला तीन फासे मिळतात, तेवढा नियम तुला आठवत असेल. दोन चांगले पडले तर उठतो, दोन वाईट पडले तर संपतो. बाबांनी पहिला टाकला, सहा. वाईट. दुसरा टाकला, चौदा. चांगला. तिसऱ्या वेळी फासा मुठीत धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता थे दवाखान्याचं बी असंच उघड्यावर टाक."

मी सांगितलं, दादा. शपथ मोडली. रोगाचं नाव सांगितलं, तो यकृतात गेलाय हे सांगितलं, डॉक्टर संक्रांतीपर्यंत म्हणतात आणि फार झालं तर होळीपर्यंत, हेही सांगितलं. आई पदर तोंडात धरून बसली होती. खुशालकाका उठले, चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन जागेवर बसले. बाबांनी एकच विचारलं, सलाईननं दिवस वाढतात का? मी म्हणाले, थोडे आठवडे, पण अंगातली ताकद जाते. "मंग बंद कर," म्हणाले. ओरडतील, मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "थे माह्ये दिवस होते. तुमी मले न इचारता वापरून टाकले." चार महिने मी त्यांना सांभाळतेय असं समजत होते आणि खरं तर मी त्यांना त्यांच्याच माणसांत एकटं पाडलं होतं. याची मला लाज वाटते, आणि ती कुठे ठेवू ते कळत नाही.

बुधवारचं सलाईन रद्द केलंय. मंगळवारी खुशालकाका ओळखीची गाडी घेऊन येतील आणि आम्ही भातकुलीला घरी जाऊ. काकाही चार दिवस येतो म्हणालेत. हे पत्र मिळेल तेव्हा आम्ही तिकडेच असू, म्हणून अकोल्याला उतरू नकोस, बडनेऱ्याला उतर. हो, उतर म्हणतेय. मी अचानक आलो तर बाबांना संशय येईल, असं म्हणून तू चार महिने आला नाहीस. मला ते पटलंही होतं. आज तो पुठ्ठा आडवा पडलेला पाहिला आणि कळलं, की तो तुझा पुठ्ठा होता. रागावून लिहीत नाही. माझाही होताच. पण आता त्यांना सगळं माहीत आहे आणि तुझ्याजवळ न येण्याचं कारण उरलेलं नाही. तिसरा फासा बाबांनी टाकला नाही. बंडीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा मनोजले टाकू दे. अथी येऊन, माह्या डोयासमोर." आसराजी सातव्या दरवाजात पडून आहे. वैदीण त्याच्या उशाशी बसली आहे. काकांनी पोचल्याची वेळ लिहून सुटल्याची जागा कोरी सोडली आहे. तू ये आणि टाक. परत टाकू दे म्हणून हात जोडू नकोस. जे पडेल ते, दादा, मी वाचलं तसं नको, आहे तसं मोठ्यानं वाच.

तुझीच,
रागिणी