बेसिनमधली बाग

९ फेब्रुवारी

जेडच्या झाडाची आणखी एक फांदी गळाली. हात लावला तर आतून मऊ, चिखलासारखी. आता तीनच राहिल्या. रोज पाणी घालते, तरी!

१० फेब्रुवारी

काल नुसतं जेड लिहून ठेवलं. नीट लिहायला हवं. बाग उद्या राहिली नाही तर निदान वहीत तरी असेल.

तडा गेलेलं वॉशबेसिन. यांनी ते भंगारातून उचलून बाल्कनीत आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, "आता इथे तोंड धुवायचं का?" हे घड्याळजी. दुकान बंद केलं आणि हातांना काही कामच उरलं नाही. मग बेसिनमध्ये माती भरली. एका बाजूला शेवाळ आणि नेचे, दुसऱ्या बाजूला जेडची काडी — तिचं झाड झालं, अगदी जुनाट वाटेल असं. मनगटी घड्याळाची काच म्हणजे तळं. जुन्या दातेरी चाकांची पायवाट. साबणाच्या वडीएवढं घर. त्याला बूटपॉलिशच्या डबीच्या पत्र्याचं छप्पर, झाकणासारखं उचलता येणारं; आता त्यावर बारीक वेल पसरलाय. आत पलंगसुद्धा केला! कोण बघणार होतं तो पलंग?

मुलगा म्हणाला, "बाबा, याला परीबाग म्हणतात. पण परी कुठेय?" तर हे डोळ्यावरचं भिंगही न काढता — "पंख कोण करत बसणार? त्यापेक्षा म्हातारी सोपी."

म्हणून एक म्हातारी आणि एक म्हातारा. तारेचा सांगाडा, वर काचा बसवायच्या लांबीचा लेप, वर रंग. बोटाच्या दोन पेरांएवढे.

रोज सकाळी मी उठायच्या आत हे त्यांना हलवून ठेवायचे. दोघं तळ्याकाठी — म्हणजे आज फिरायला जायचं. म्हातारा झाडू घेऊन आणि म्हातारी झाडाखाली आडवी — म्हणजे आज तुला सुट्टी. मी चहाचा कप घेऊन आधी तिकडे बघायची, मग यांच्याकडे.

आता म्हातारी हरवली, म्हातारा एकटाच आहे. घराच्या दाराबाहेर, पायरीवर. हे गेले त्या सकाळी होता तिथेच. मी हलवलेला नाही. हलवणारही नाही.

१३ फेब्रुवारी

मुलाचा फोन. "आई, महिनाअखेरीला न्यायला येतो. एकटी किती दिवस राहणार?" मी बागेचं विचारलं. मग सूनबाईनं फोन घेतला. "आई, आपल्याकडे बाल्कनी नाहीये हो. खिडकीतही ऊन येत नाही. आपण छान फोटो काढून फ्रेम करू या ना!"

फोटो. बरं.

वाईट नाहीत दोघंही. तेच तर — कुणावर रागावताही येत नाही.

१७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. म्हातारी हरवलेली नाही. मी फेकली.

दोन नोव्हेंबर. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ साडेदहाची होती. हे म्हणाले होते, मी येतो बरोबर. दहा वाजले तरी बेसिनवर वाकलेले. "आलोच, एवढं शेवाळ दाबतो." अकरा वाजता मी एकटीच गेले. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं धुरकट, बसचा नंबर दोघांना विचारावा लागला. घरी आले तर हे आंघोळीला गेलेले आणि बागेत म्हातारी छान बाकावर बसलेली! उचलली आणि बाल्कनीतून खाली भिरकावली.

संध्याकाळी यांनी विचारलं, "अगं, म्हातारी कुठे गेली?"

मी म्हटलं, "कावळ्यानं नेली असेल. मला काय विचारता!"

दुसऱ्या दिवशी म्हातारा पायरीवर दिसला. मग रोज तिथेच. मी मनात म्हणायची, बसू दे शोक करत. आज सांगू, उद्या सांगू करत बावीस नोव्हेंबर उजाडला. हे खुर्चीतच गेले, चष्मा हातात.

वीस दिवस होते माझ्याकडे. एक वाक्य बोलायचं होतं.

१८ फेब्रुवारी

जेडच्या दोन फांद्या राहिल्या.

२० फेब्रुवारी

ग्रंथालयातून झाडांचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन दुकानातल्या रद्दीतून — घड्याळं बांधून द्यायचे कागद आधी मी वाचायची, मग गिऱ्हाइकाला जायचे. यांना त्याचं कोण कौतुक! "आमच्याकडे घड्याळ उशिरा मिळतं, बातमी वाचून होईपर्यंत."

पुस्तकात लिहिलंय, जेडला कोरडं लागतं आणि शेवाळाला ओलं. एका भांड्यात दोन्ही कधी लावू नयेत. मग यांच्या हातून सात वर्षं कसं जगलं?

२२ फेब्रुवारी

रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावलं. बोलणं तुकडा तोडल्यासारखं, पण हात हलका. बोट मातीत खुपसलं आणि म्हणाल्या, "पाणी कोण घालतं?"

"मी. रोज एक तांब्या."

"सगळ्यांवर सारखं?"

मी मान हलवली. त्यांनी मधली माती जराशी उकरून दाखवली. आत काच उभी केलेली, घड्याळांच्या कपाटाची. अलीकडे ओलं, पलीकडे कोरडं राहावं म्हणून. "हुशार माणूस. इकडे शेवाळाला रोज, तिकडे जेडला पंधरवड्यातून चमचाभर घालत असणार. तुम्ही वरून तांब्या ओतलात, ते काच ओलांडून गेलं."

चमचा! बेसिनच्या कडेला कायम एक चमचा असायचा. हे गेल्यावर मी तो घासला आणि स्वयंपाकघरात ठेवून दिला.

"जेड गेलंच समजा," बाई म्हणाल्या. "शेवाळ, नेचे मी नेते. अठ्ठावीसला गाडी येईल. त्याआधी तुमचं घर, बाहुला काढून घ्या. वेल कापूनच टाका, छपराला गच्च आवळलंय त्यानं."

म्हणजे म्हाताऱ्याला हलवावं लागणार.

२३ फेब्रुवारी

नाही हलवला.

२५ फेब्रुवारी

ब्लाउज आणायला खालच्या शिंप्याकडे गेले. त्याचं दुकान बरोबर आमच्या बाल्कनीखाली. म्हणाला, "काकी, जाताय म्हणे. काकांची फार आठवण येते हो. एकदा तर माझी चिंध्यांची सगळी टोपली पालथी घातली त्यांनी! तीन तारीख असेल, नोव्हेंबरची. गुडघे दुखतायत आणि माणूस जमिनीवर. मी म्हटलं, काका, सोनं पडलंय का? तर म्हणे, नाही रे, आमच्या घरात कावळा फार तापट आहे."

शिंपी हसत होता. मीही हसले असेन. ब्लाउज तिथेच विसरून वर आले.

२६ फेब्रुवारी

म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत राहिले, आणि मी रोज चहा देत राहिले. आमच्या भांडणाची रीत चाळीस वर्षांची — मी रुसले की भिंतीकडे तोंड करून झोपायची, हे बाहेर जाऊन बसायचे. मी हाक मारली की आत यायचे. हाक न मारता कधी आत आले नाहीत. या वेळी मी रुसलेय हे दिसू दिलं नाही, म्हणून भांडणही नीट झालं नाही.

२७ फेब्रुवारी

जेड मुळापासून आडवं झालं. मुलगा उद्या संध्याकाळी येतोय. बॅगा भरल्या. पुस्तक परत केलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी कात्रीनं वेल कापला. छप्पर हातात आलं.

आत पलंगावर म्हातारी आहे. तुटलेल्या हाताला घड्याळाच्या स्प्रिंगचा वेढा. अंगावर घड्याळं पुसायच्या पिवळ्या फडक्याचा तुकडा. तोंड भिंतीकडे.

आणि हे वीस दिवस दाराबाहेर बसून होते.