माझ्या बाजूचा न्यायाधीश

६ एप्रिल, सोमवार
आजपासून आंतरराष्ट्रीय कायदा! एलएलबीचं शेवटचं वर्ष, पेपर पंधरवड्यावर. हेगच्या न्यायालयाची गंमत वाचली. पंधरा न्यायाधीश, केवढा थाट — पण दोन्ही देश "हो" म्हणाले तरच खटला चालणार. म्हणजे ज्याने शेजाऱ्याचं डोकं फोडलं त्यालाच विचारायचं, "साहेब, चालवू का तुमच्यावर खटला?" हसून हसून पोट दुखलं.

८ एप्रिल
कळंबहून सासऱ्यांचा निरोप — रविवारी बैठक. नवऱ्याचं, नयनचं म्हणणं, शिक्षण पुरे, घरी ये. मी परीक्षेसाठी लोहाऱ्याला माहेरी आले, तर नवरोबांच्या मते पळून आले! बाबांनी बैठकीला होकार देऊन टाकला. मला कोणी विचारलं नाही. हेगमध्ये निदान विचारतात.

११ एप्रिल
आज एकदम खूश! हेगला आपल्या देशाचा न्यायाधीश नसेल तर त्या खटल्यापुरता आपल्या पसंतीचा एक बसवता येतो. तो बहुतेक वेळा आपल्याच बाजूने मत देतो म्हणे. शपथ निष्पक्षपणाची, मत घरचं! लगेच आर्णीला घनश्याममामाला फोन लावला. कोणाचंही भांडण असो, मामा मिटवायला हजर. "कायले भेतं व पोरी? मी हाओ न!"

१२ एप्रिल, रविवार
झाली बैठक. ओसरीवर दोन्हीकडचे सात पुरुष, पोहे, चहा. मी आणि आई आत. सासूबाईही आतच, गप्प कांदे चिरत. त्यांचं मत विचारायची गरजच नव्हती.

मामा बोलायला लागला. म्हटलं, आता बघा! "पोरगी हुशार हाये, मान्य. पण संसार पयले. परीक्षा काय, पुढच्या साली बी येते." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीसुद्धा. बुधवारी नयन न्यायला येणार.

तीन वर्षं घासली ती यासाठी? मोरीत जाऊन रडले. मामाने निघताना डोक्यावर हात ठेवला, "तुह्या भल्यासाठीच केलं." उरलेले पोहे डब्यात भरून घेऊन गेला.

१३ एप्रिल
पुस्तकं बांधली. हेगचा निकाल अंतिम, अपील नाही. पेपरात हा प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

१४ एप्रिल
सासूबाईंचा फोन. अगदी हळू आवाजात.
"नयनले मी पाहून घेतो. पेपर झाल्याबिगर आली तं दार उघडत नाही मी!"