प्रेमलाची झोप

लातूर, ४ जुलै २००१

ती. बापूदादांस, धाकट्या प्रेमलाचा सा. न. वि. वि.

रक्त तपासलं. साखर काठावर आहे, अजून मधुमेह नाही. झोप किती, असं डॉक्टरांनी विचारलं. आठ वर्षं तीन-चार तासच, असं सांगितल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. वर्षानुवर्षं झोप कमी पडली की साखरेचा धोका वाढतो म्हणे.

पण दादा, क्लासच्या सात मुली माझ्याकडे राहतात. पहाटे चारला उठवणारी बाई म्हणूनच आईबाप त्यांना इथे ठेवतात. स्वयंपाकाची सिद्धम्मा रागावते, अक्का एक दिवस झोपल्या तर पोरी काय पळून जातेत का, म्हणते. खरं कारण तुम्हालाच सांगते. डोळा लागला की वाटतं, त्या रात्री भूकंपात माझी मुग्धा ढिगाऱ्याखालून हाका मारत राहिली आणि मला ऐकूच गेलं नाही.

तुमची माया आहेच, तिच्यावरच चाललंय.

प्रेमला

नांदेड, ११ जुलै

चि. प्रेमलास, थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून चष्मा पुसत बसलो. वर्गात मी कविता चालीवर म्हणू लागलो की दुसऱ्याच कडव्याला बाकावर गाल टेकणारी तू! ती झोप मीच घालवली. मुग्धा गेल्यावर तू रात्र रात्र टक्क जागी असायचीस. तेव्हा मास्तरकीच्या तोऱ्यात मीच म्हणालो, जागीच आहेस तर लोकांच्या मुली उठव, जीव रमेल. तुझ्या जागरणाला मी नोकरी लावून दिली गं.

शनिवारी येतो. पहाटे तीन ते पाच मी पहारा देईन, तू झोपायचं. मुलींना कविता म्हणून उठवीन. बिचाऱ्या क्लासला धावतच जातील.

तुझा,
बापूदादा

लातूर, २० जुलै

ती. दादांस,

सुखरूप पोचलात ना? मास्तर पहाऱ्याला आले आन् साडेतीनलाच घोराय लागले, असं सिद्धम्मा गल्लीभर सांगत सुटलीय. मी मात्र हसले नाही. तुम्ही घोरू लागल्यावर दिवा लावला, दोनदा हाक मारली, खांदा हलवला. तुम्ही कूसही बदलली नाहीत.

तेव्हा आठवलं, भूकंपाच्या रात्री मुग्धा विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून दमली होती. जेवतानाच पेंगत होती. दादा, तिला जागच आली नसेल. हाक मारायलासुद्धा उठली नसेल माझी पोर.

खूप रडले. मग तिथेच तुमच्या पायथ्याशी आडवी झाले. मुलींचा क्लास चुकला. दोघींचे वडील त्यांना सामानासकट घेऊन गेले. जाऊ देत. साखर पुढच्या महिन्यात पुन्हा बघायची आहे.

तुम्ही निघालात तेव्हा मी झोपेत होते, पाया पडायचं राहिलं. ते या पत्रातून पडते.

प्रेमला