रिकाम्या गड्याचा श्वास

३ नोव्हेंबर, सोमवार

ग्रोहोल्मेन बेटावर दुपारी दीडला पोचले. समुद्र शांत, वारा पश्चिमेचा. माझी खोली धक्क्यावरच्या लाल इमारतीत आहे आणि खाली कार्यशाळा. चाव्या, टेबल, दाबमापक, सगळं जागच्या जागी. मला अशी जागा आवडते.

स्वयंपाकीणबाई बर्गलियोत यांनी कॉड आणि बटाटे वाढले. एवढी हडकुळी पोर इथे कशाला पाठवली, पहिल्या वादळात उडून स्वीडनला जाईल, असं म्हणाल्या. आणि वर आणखी दोन बटाटे ताटात टाकले.

नौदलाच्या कमांडोंची ही शाळा. नॉर्वेत शेंबड्या पोरालाही त्यांची ख्याती माहीत असते : पाण्यातून येतात, बुडबुडा दिसत नाही, आणि सोबत्याला मागे सोडत नाहीत. बुडबुडा न दिसणं हे माझं काम. सोडलेला श्वास बाहेर न जाता छातीवरच्या श्वसनसंचात फिरतो, त्यातला चुना घाण वायू शोषून घेतो, सिलिंडर थोडा प्राणवायू घालतो. श्वास घेतला की चुना गरम होतो आणि सिलिंडरचा दाब उतरतो. साधा हिशेब आहे.

५ नोव्हेंबर

उमेदवार तेरा उरले आहेत, सत्तेचाळीसांतून. नावं नाहीत, क्रमांक. प्रमुख हाउक्नेस इथे कुणाला काढून टाकत नाहीत. रोज सकाळी प्रत्येकाला तीनदा विचारतात, थांबायचंय का. ज्याला थांबायचं त्याने तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं. चिठ्ठी चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. जो बोलत नाही तो पाण्यात उतरतो.

सात क्रमांकाला मी ओळखते. ओस्मुन, आमच्याच फ्योर्डकाठच्या गावचा, शाळेत माझ्या मागच्या बाकावर. बोलायची परवानगी नाही, म्हणून संच घेताना ओठ न हलवता पुटपुटला, की गुन्वोर, माझा संच नीट बांध, गणितात तुझी वही बघूनच पास झालोय. मी हसले नाही. पण संच दोनदा तपासला.

जोड्या दोन मीटर दोरीने बांधतात. तेरावा एकटा उरतो, त्याला मिळतो 'रिकामा गडी' : जुन्या रबरी पोशाखात वाळू, छातीवर खरा संच. जखमी सोबत्याला ओढून आणायचा सराव. अडचणीत जादा हवा हाताशी असावी म्हणून तो संच भरलेला असतो, झडप बंद करून. पाळी रोज बदलते. शुक्रवारी आणि रविवारी फेरी नसते.

आज पाळी चार क्रमांकाची होती.

६ नोव्हेंबर

कालच्या नोंदी जुळत नाहीत. सगळे संच २०० दाबाने दिले होते. चाळीस मिनिटांनी बहुतेक १६० च्या आसपास आले. चार क्रमांकाचा २०० वर, चुना थंड. रिकाम्या गड्याचा १६०, चुना कोमट.

म्हणजे संच अदलाबदल झाले. चिठ्ठ्या लावताना मी चुकले असेन. मी सहसा चुकत नाही.

आज सगळ्या संचांवर रंगाची खूण केली आणि रिकाम्या गड्याच्या झडपेला तार बांधून शिशाचं सील लावलं. पाळी अकरा क्रमांकाची.

७ नोव्हेंबर

अकराचा २००. चुना थंड.

रिकाम्या गड्याचा १५९. चुना गरम. सील शाबूत. साबणाचं पाणी लावून पाहिलं, गळती नाही. तोंडात धरायच्या रबरावर दातांचे व्रण आहेत.

चार क्रमांक काल नेहमीच्या जोडीत उतरला होता. त्याचाही संच २०० वर आला.

मी हाउक्नेसना नोंदी दाखवल्या. त्यांनी शांतपणे वाचल्या आणि विचारलं, संचात दोष आहे का. मी म्हणाले, सापडला नाही. मग संच ठीक आहेत अशी सही कर, असं म्हणाले. दोष दाखव, मी आत्ता फेऱ्या थांबवतो. दोष नसेल तर तुझ्या मनातल्या शंकेसाठी मी शाळा थांबवत नाही. ते रागावले नव्हते. उलट खूश होते. चार आणि अकरा आता थंडीने कुडकुडत नाहीत, कुरकुरत नाहीत. सकाळी तीनदा विचारलं तरी एक शब्द नाही. असे गडी दहा वर्षांत पाहिले नाहीत, म्हणाले.

मी सही केली. दोष सापडला नाही हे खरंच होतं.

१० नोव्हेंबर

शनिवारी दोन क्रमांक, आज नऊ. दोघांचे २००.

बर्गलियोतबाई म्हणाल्या, त्या चौघांना झालंय काय. ताटं तशीच परत येतात. सूप समोर वाफाळत असतं आणि चौघांपैकी एकालाही फुंकर मारावीशी वाटत नाही.

फेरीनंतर धक्क्यावर उणे सहा होतं. नऊ जणांच्या तोंडून वाफ निघत होती. मी दोनदा मोजलं.

१२ नोव्हेंबर

काल बारा क्रमांक गेला, आज पाच. आता सहा जण.

फळ्यावर उद्याची पाळी लिहिली आहे : सात.

संच देताना ओस्मुनला सांगितलं. आकडे सांगितले, सील सांगितलं. सकाळी मोठ्याने 'थांबतो' म्हण आणि बोटीने घरी जा, असं म्हटलं. तो हसू दाबत राहिला. वा, तुलाही कामाला लावलं का त्यांनी? परवा एकजण गरम कॉफी घेऊन आला होता, पी आणि सोड म्हणत होता. तू तर भूतच घेऊन आलीस. हाउक्नेसला सांग, गोष्ट झकास आहे, पण सात क्रमांक जागचा हलत नाही.

इथे थांब म्हणणारा प्रत्येक माणूस परीक्षा घेणाराच असतो. चार महिने त्यांना हेच शिकवलंय. माझ्याकडे त्यावर पुरावा नव्हता.

एकच उपाय आहे. तेराचे चौदा करायचे. माझ्याकडे नौदलाचा पाणबुड्याचा परवाना आहे.

१३ नोव्हेंबर

हाउक्नेसनी लगेच होकार दिला. खरा सोबती वाळूपेक्षा बरा, म्हणाले. रिकाम्या गड्याला मी कपाटात घातलं, झडपेला सील, दाराला कुलूप, किल्ली गळ्यात. मग ओस्मुनच्या दोरीला स्वतःला बांधून घेतलं.

त्रेचाळीस मिनिटं. पाणी चार अंश. त्याने दोरी ओढून बरं आहे का विचारलं, मी ओढून उत्तर दिलं. सगळं नियमाप्रमाणे. पाण्यात इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं.

वर आल्यावर ओस्मुन खोकला, थुंकला, शिवी दिली. इतका सुंदर आवाज. त्याचा दाब १५८. चुना गरम.

माझा २००.

थंड.

कपाट उघडलं. सील शाबूत. दाब १५७. चुना —

मी हात लावला. गरम आहे.

१४ नोव्हेंबर

बाईंनी विचारलं वॅफल हवंय का. मी मान हलवली. तेव्हा लक्षात आलं, काल दुपारपासून मी बोललेले नाही.

कार्यशाळेत श्वासमापक तोंडात धरला. काटा शून्यावर. पाच मिनिटं. दहा. नाडी चौसष्ट. दम लागत नाही. जीभ हलते, ओठ हलतात. आवाजाला लागणारी हवाच नाही.

उपकरण तपासलं. ठीक आहे.

सुटका म्हणजे एक शब्द. तो कुणी उच्चारू शकत नाही. सहा जण रोज तीनदा — आणि हाउक्नेसना वाटतं ते कणखर —

फळा : उद्या सात, रिकाम्या गड्यासह. काल त्याची पाळी हुकली म्हणून.

ओस्मुनला चिठ्ठी लिहिली. माझ्याबरोबर काय झालं ते. माझ्या नाकाखाली काच धरून पाहा, वाफ धरत नाही, लिहिलं. आरडाओरडा कर, थांबतो म्हण, अजून तुला म्हणता येतं.

१५ नोव्हेंबर, सकाळ

त्याने चिठ्ठी हाउक्नेसना नेऊन दिली. काच धरून पाहिलीच नाही. माझ्याकडे बघून डोळा मारून गेला, युक्ती पकडली म्हणून.

खाली बोट भरताहेत. वाळूचा पोशाख धक्क्यावर आहे. ओस्मुन दोरी बांधतोय. शीळ घालतोय.

हाउक्नेस माझ्या खोलीत आलेत. चिठ्ठी त्यांच्या हातात. समोर बसलेत. म्हणतात, हे तुझं अक्षर आहे, आणि तू खोटं लिहिणारी नाहीस. तोंडाने सांग. एकच शब्द. मी आत्ता फेरी थांबवतो.

मी हे लिहून त्यांच्यापुढे धरलं. ते वाचत नाहीत. चिठ्ठी चालत नाही, गुन्वोर, तुलाही नाही.

एकदा विचारून झालं.

दोनदा.

मी तोंड उघडलंय, काच त्यांच्या हातात देते आहे, ते काचेकडे नाही, घड्याळाकडे —