स्कोअरशीटवरची रिकामी जागा

॥ श्री ॥
कुरुंदा,
१२ ऑगस्ट २००१

चि. रागिणी हिस प्रभूकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. तुझी काकू म्हणते, ह्यांना चार ओळींना चार दिवस लागतात, त्यातले तीन दिवस हे खिडकीबाहेर बघून राहतात. खोटं नाही. बाहेर हळद गुडघ्याला आली आहे. तिच्या पानांवरून वारा गेला की मला एका सुरात कविता म्हणणारा चौथीचा वर्ग आठवतो, मागच्या बाकावरचा एकजण नेहमी एक शब्द मागे राहणारा.

आता बातमी. मुलींच्या जिल्हा स्पर्धा सप्टेंबरात हिंगोलीला आहेत आणि बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला पंच म्हणून मला बोलावलं आहे. जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं झाली, पण या खेळाची पंचपरीक्षा पास झालेला इकडे अजून मीच. तोही मराठीचा निवृत्त मास्तर! एक्क्याण्णव साली खेळाचे सर आजारी पडले म्हणून मला दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं, तेव्हा तू सातवीत होतीस. मला खेळातलं कळत नव्हतं, म्हणून वृत्तातून शिकवलं. लघु, लघु, गुरू. दोन हलकी पावलं आणि मग लांब उडी. तुम्ही पोरी हसून बेजार व्हायच्या, पण चेंडू बराबर जाळीत पडायचा.

एकच शंका आहे. तुझ्या शाळेचा संघ अंतिम सामन्यात आला तर? सख्ख्या पुतणीचा संघ आणि काका पंच. नाही म्हणून कळवू का? तू म्हणशील तसं.

काकूचे आशीर्वाद याच पाकिटात घातले आहेत. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
प्रभूकाका


साखरा,
२५ ऑगस्ट २००१

ती. काकांस, रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

नाही म्हणून मुळीच कळवू नका. तुम्ही नसाल तर कुठल्या तरी कबड्डीच्या पंचाला उभं करतील आणि तो चेंडू घेऊन पळणाऱ्या पोरीला शाबासकी देईल. तुमची शिट्टी आमच्या बाजूने वाजेल अशी आस मी धरून राहिले, असंही समजू नका. मला उलटीच भीती आहे. वर्गात सगळ्यांच्या चुका तुम्ही हसून सोडायचात आणि माझी एक वेलांटी चुकली तर मला उभं करायचात. का, तर घरचं लेकरू.

आमची कर्णधार शिला राठोड. तांड्यावरची, नववीत आहे. काका, ही पोरगी उडी मारते तेव्हा खाली यायचं विसरते की काय असं वाटतं. खोड एकच. आनंदाच्या भरात अंगावर जाते आणि अर्ध्या सामन्यातच तिचे तीन-चार फाउल होतात. पाचव्याला बाहेर, हे मी तिच्याकडून रोज घोकून घेते.

तिचं सगळं या स्पर्धेवर आहे, म्हणून इतकं लिहिते. जिंकलो तर औरंगाबादला विभागीय सामने, आणि तिथे क्रीडा वसतिगृहाची माणसं मुली निवडायला येतात. तिचे वडील ओमप्रकाश शाळेत आले होते. म्हणाले, म्याडम, होस्टेलात घेतली तर राहू द्या तिला, मी आडवा येणार न्हाई. पण न्हाई घेतली तर दसरा झाला की आमी ऊसतोडीला चाललो. तिची माय फडात उतरली की धाकट्या दोघांना कोण बघंल? मग शिला संग येईल. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला वाद घालता येईना.

हे पत्रही तीच टपालात टाकणार आहे. काकूंच्या गुडघ्याला तेल चोळत जा, नुसतं विचारून तो बरा व्हायचा नाही. पुतणीची आठवण आहे ना, ते कळवत राहा.

आपली,
रागिणी


कुरुंदा,
२१ सप्टेंबर २००१

चि. रागिणी हिस अ. उ. आ.

परवा हिंगोलीला तू चहाही न घेता गेलीस. साखऱ्याची बस लवकर असेल. इकडे दोन दिवस ढग आहेत. काकूचा गुडघा बरा आहे. बांधावरच्या लिंबावर साळुंक्यांनी घरटं केलं आहे.

सामना चांगला झाला. सुरुवातीलाच मी दोन्ही संघांना मधोमध उभं करून सांगितलं, की साखऱ्याची प्रशिक्षिका माझी पुतणी आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. समोरच्या हट्ट्याच्या संघाचे प्रशिक्षक नरसिंगराव हसले. म्हणाले, प्रभू सर, तुमी काय बोलून राहिले? तुमी तर सोताच्या लेकराला बी सोडणार न्हाई. त्यावर सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, निवृत्तीच्या समारंभातही मला तेवढ्या मिळाल्या नव्हत्या.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही एका गुणाने पुढे होतात. हट्ट्याची मुलगी चेंडू टाकायला उडाली, तुझी शिला अडवायला उडाली, ती मुलगी पडली. पाचवा फाउल. नियमाप्रमाणे शिला बाहेर, त्यांना दोन फ्री थ्रो, दोन्ही जाळीत. एका गुणाने तुम्ही हरलात. पंचाला नातं नसतं, बाळ. तुला हे समजेल.

पाने खूप झाली. घरी ये. पोळीवर तूप वाढायला काकू आहे आणि बोलायला मी आहे.

तुझा काका,
प्रभू


साखरा,
१४ ऑक्टोबर २००१

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नियम मला समजतो. तुम्हीच शिकवला आहे.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी, ती कळवते. सामना संपल्यावर शिला स्कोअरशीटपाशी गेली होती. निकालाला विरोध असेल तर कर्णधाराने तिथल्या तिथे सही करायची असते, त्यासाठी खाली जागा असते, तिला ठाऊक होतं. पेन तिच्या हातात होतं. ती मला म्हणाली, म्याडम, माझा हात लागला न्हाई, नुसता चेंडू लागला, करू का सही? मी तिचा हात धरला. म्हटलं, ते माझे काका आहेत. त्यांची शिट्टी चुकत नाही. त्यांच्याविरुद्ध सही करायची नाही. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि टोपणसुद्धा नीट लावून ठेवलं.

तेव्हापासून ती सरावाला येते, पण उडी मारत नाही. मी ओरडते तेव्हा म्हणते, मारते की. आणि टाचा उचलते नुसत्या.

ओमप्रकाशभाऊंना मी पुन्हा भेटले. दाखला तरी शाळेत राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, दाखला राहू द्या की म्याडम, पोरगी न्यावी लागंल. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ट्रक निघणार आहे.

काकूंना नमस्कार. आपल्या मायेत अंतर पडलं आहे असं नाही, फक्त सध्या लिहवत नाही.

रागिणी


कुरुंदा,
५ नोव्हेंबर २००१

चि. रागिणी हिस,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, म्हणून तसंच सुरू करतो.

त्या मुलीचा हात लागला नव्हता. मी पाहिलं होतं. तिचा पंजा चेंडूवर उघडला तेव्हा बोटं आणि त्या मुलीचं मनगट यांच्यामधून मला पलीकडचं आभाळ दिसलं. जन्मभर मुलांना कवितेतली उडणारी पाखरं समजावून सांगितली, पण खरं उडणं मी त्या क्षणी पाहिलं. तेवढ्यात ती दुसरी मुलगी स्वतःच्याच मैत्रिणीच्या पायात अडकून पडली, लोक ओरडले आणि माझी शिट्टी वाजली. ती फिरवता आली असती. दुसऱ्या पंचाला विचारतो म्हणालो असतो तरी पुरे होतं. पण माझ्या कानात नरसिंगरावांचे शब्द होते. प्रभू सर घरच्यांना सोडत नाहीत. तो मान मला सोडवेना. मी पाच बोटं वर केली.

तुझं सहीचं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी हिंगोलीला क्रीडा कार्यालयात गेलो. माझी चूक झाली असं लिहून दिलं. साहेब भला माणूस. खुर्ची दिली, कागद काढला. म्हणाला, सर, कर्णधाराच्या सहीची जागा रिकामी आहे. विरोधच नोंदलेला नाही, तर मी काय उघडू? आणि औरंगाबादचे सामनेही उरकले.

मग दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी साखऱ्याला आलो. तुझ्याकडे न येता सरळ तांड्यावर गेलो, तोंड दाखवायचं नव्हतं. पण मी एक दिवस मागे पडलो होतो. सगळे ऊसतोडीला निघून गेलेले, बंद दारांना काटे लावलेले. शिलाची आजी देवलाबाई ओट्यावर होती. पाणी दिलं. कोण म्हणून विचारलं तेव्हा शाळेचा माणूस एवढंच सांगितलं. ती म्हणाली, नातीनं जाताना चेंडू मागितला न्हाई, वही मागितली.

तू तिचा हात धरलास तो माझ्यावरच्या विश्वासापायी. म्हणजे तोही माझाच दोष. तिचा पत्ता मिळाला तर मला कळव. तिला लिहिलं पाहिजे.

प्रभू


साखरा,
२० नोव्हेंबर २००१

ती. काकांस नमस्कार.

तिला लिहू नका, हात जोडून सांगते. आपण नियमाने हरलो असं समजून ती निदान शांत असेल. आपल्यावर अन्याय झाला, तोही सरांनी जाणूनबुजून केला, हे उसाच्या फडात बसून वाचून ती काय करील? मी तर इथे शाळेत असून काही करू शकत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पेटीत ठेवलं आहे. रागावले आहे की काय, मलाच कळत नाही. आता घरी आले तर आपण दोघं काय बोलणार, हेही कळत नाही.

रागिणी


मु. ऊसतोड टोळी, कारखान्याच्या मागं,
११ जानेवारी २००२

आदरणीय प्रभू सरांना शिला ओमप्रकाश राठोड हिचा नमस्कार.

तुमचा पत्ता मला पाठ आहे. म्याडमची पत्रं मीच टाकत होते. आमी सगळे खुशाल आहोत. भाऊ आता चालतो. थंडी लय आहे.

सर, राग धरू नका, एक इचारायचं होतं. त्या दिवशी माझा हात लागला होता का? पयले मला वाटायचं न्हाई लागला. पण म्याडम म्हणल्या सर चुकत न्हाईत. मग मी रोज आठवून बघते. भाकरी थापताना हात वर करून बघते. आता मलाच वाटून राहिलं की लागला असंल. माझ्यामुळं सगळ्या पोरी हरल्या. बाकीच्या पोरींना माझ्यावर काहून राग आला न्हाई तेच समजंना. तुमी बराबर बघितलं असंल, तर तेवढं सांगा. मोठ्यांची माया राहू द्या.

शिला


कुरुंदा,
१९ जानेवारी २००२

चि. शिला हिस प्रभू मास्तरांचे आशीर्वाद, तू घेशील तर.

तुझ्या म्याडमने मला लिहू नका म्हणून विनवलं होतं. तुझं कार्ड वाचल्यावर मला ते ऐकता येत नाही. तिलाही आज तसं कळवलं आहे.

तुझा हात लागला नव्हता. फक्त चेंडूला लागला होता. मी चार पावलांवर होतो, डोळ्यांत धूळ नव्हती, ऊन नव्हतं. मी ते स्वच्छ पाहिलं आणि तरी शिट्टी वाजवली, कारण पुतणीच्या संघाकडे झुकलो असं कुणी म्हणू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. पोरी तुझ्यामुळे हरल्या नाहीत, माझ्यामुळे हरल्या. त्यांना हे माहीत असावं, म्हणून त्यांना तुझा राग आला नाही. तुझ्या म्याडमने तुला थांबवलं, ते मी चुकणार नाही असं तिला वाटलं म्हणून. तिच्या मनात पाप नव्हतं.

या कागदाने तुला औरंगाबाद मिळत नाही, वर्गही परत मिळत नाही. हिंगोलीला जाऊन विचारलं, तिथे आता काही होत नाही. तुझ्या वडिलांनाही मी वेगळं पत्र घालतो आहे, तुझी काही चूक नव्हती म्हणून.

आता तू ते रोज आठवून बघू नकोस. आठवायचं काम माझं आहे, मी ते करीन.

लोभ असू द्यावा असं शेवटी लिहायची रीत आहे. तो मागायला मला तोंड नाही. माझ्यावर राग ठेवलास तरी चालेल. तुझ्या हातावर ठेवू नकोस.

प्रभू मास्तर