भिंतीवरचा नान

इस्फरा, १४ मार्च, शुक्रवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जर्दाळूच्या पेट्यांना खिळे मारत होतो, ते थांबवून लिहितो आहे.

खुर्शेददादास नेमतचा सलाम.

तुझा नंबर बंद लागतो. गल्लीतला शोदी परवा तिकडे रशियाला निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. घरी सगळे ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो, तरी तंदूर तीच पेटवते. जर्दाळू फुलला आहे.

जाताना तू एक घास चावून, उरलेला परत येऊन खायचा म्हणून ठेवलेला नान भिंतीवर टांगलेला होता. रविवारी आईने तो ऊन दाखवायला माझ्याकडे दिला. मी पाणी भरायला गेलो तेवढ्यात कुत्र्याने नेला. मी बाजारातून तसाच नान आणला, आठवून डावीकडून चावला, छपरावर वाळवला आणि खिळ्याला अडकवला.

काल शेजारच्या मोहिरा खाला आल्या होत्या. आईला म्हणाल्या, "तुझ्या पोराने निदान नान मागे तरी ठेवला. माझ्या मेल्याने अख्खा बगलेत मारला आणि स्टेशनवरच खाल्ला!"

"भूक लागते ना? मग तब्येत चांगली आहे," आई म्हणाली.

"आणि फोन उचलत नाही ते गं?"

"कामावर असेल. रिकामा असता तर पैसे मागायला त्यानेच केला असता."

दोघी हसल्या. आईचे असेच आहे. तू पैसे पाठवले नाहीस, तर म्हणते साठवतो आहे.

जानेवारीत तू जे माझ्यावर टाकलेस, ते मी तिला अजून सांगितलेले नाही. तू तिथे लग्न केलेस, मुलगी झाली, आता येणार नाहीस. दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा गुडघ्याचेच विचारले.

खाला गेल्यावर आई भिंतीपाशी उभी राहिली. चाव्यावरून बोट फिरवले.

"हे तुझे दात आहेत, नेमत."

मी कुत्र्याचे सांगितले. वाटले, आता रडेल, मग बाकीचेही सांगून टाकू. ती म्हणाली, "बरे झाले. त्या नानचे वाट पाहणे संपले, म्हणूनच तो गेला. येतो आहे खुर्शेद."

दादा, मी आता काहीही बोललो तरी त्यातून ती तुझे येणेच काढील. तूच बोल. रागावून बोल, पण तुझ्या तोंडाने बोल.

आई हाक मारते आहे. तुझी गादी उन्हात टाकायची आहे, तिला एकटीला उचलत नाही. धरू लागायला जातो.

तुझा भाऊ,
नेमत